उत्तरकथेचे अपयश : ‘न्यू फिस्ट ऑफ फ्युरी’

‘फिस्ट ऑफ फ्युरी’ या १९७२ सालच्या हाँगकाँगच्या चित्रपटाचा शेवट अनेकांच्या स्मरणात असेल. गुरूच्या खुनाचा सूड उगवल्यानंतर चेन झेन आपला आखाडा वाचावा म्हणून स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन करण्यास तयार होतो. बाहेर येतो, तो समोर रोखलेल्या बंदुका. त्यांच्या दिशेने त्याने घेतलेली झेप हवेतच गोठते आणि गोळ्यांचे आवाज तेवढे ऐकू येतात. नायक मरतो, पण तो कोसळताना आपल्याला दिसत नाही. कथा इथे पूर्ण होते. चार वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच दिग्दर्शकाने, लो वेई यांनी, तिचा पुढचा भाग काढला. ‘न्यू फिस्ट ऑफ फ्युरी’ हे त्याचे नाव. हा चित्रपट फसला याबद्दल फारसे दुमत नाही. मात्र तो का फसला हे पाहू गेल्यास वारसा आणि अनुकरण यांविषयी बरेच काही हाती लागते.

मूळ कथेतील गुरू हुओ युआनजिया ही ऐतिहासिक व्यक्ती. शांघायमधील जिंगवू ही संस्था त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. १९१० मध्ये तिची स्थापना झाली आणि त्याच वर्षी हुओ वारले. त्यांच्यावर जपान्यांनी विषप्रयोग केल्याची आख्यायिका आहे. ती सिद्ध झालेली नाही. चेन झेन मात्र सर्वस्वी काल्पनिक. म्हणजे मूळ चित्रपटानेही इतिहासाशी मोकळीक घेतलीच होती. परंतु परक्यांच्या वसाहतीतल्या शहरात, आपल्याच रस्त्यावर वाट्याला येणारा अपमान ही त्याची खरी भूमी होती. ‘पूर्व आशियाचे रोगी’ असे हिणवणारी पाटी जपानी लोक आखाड्यात आणून देतात आणि चेन ती त्यांच्या दारी परत नेतो. पुढचा सारा संघर्ष त्या एका पाटीतून उमलत जातो.

२० जुलै १९७३ रोजी ब्रूस ली गेला. वय अवघे ३२ वर्षे. त्यानंतर त्याच्यासारखे दिसणारे, त्याच्यासारखी नावे घेणारे नट आणि त्यांचे स्वस्तातले चित्रपट यांचा सुळसुळाट झाला. लो वेई तोवर गोल्डन हार्वेस्ट सोडून स्वतःच्या लहानशा कंपनीतर्फे चित्रपट काढू लागले होते. ‘द बिग बॉस’ आणि ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ ही लीच्या उदयाची दोन्ही चित्रे त्यांच्या दिग्दर्शनाखाली झालेली. पण दोघांचे पटले नाही आणि पुढचे चित्र लीने स्वतःच दिग्दर्शित केले. त्यामुळे १९७६ चा हा प्रयत्न केवळ धंद्याचा नसावा. लीला आपण घडवले आणि तसा दुसराही घडवू शकतो, हे सिद्ध करण्याची ईर्षाही त्यामागे असावी, असे वाटते.

त्यासाठी निवड झाली २२ वर्षांच्या जॅकी चॅनची. त्याला चिनी नावही ‘सिंग लुंग’ असे दिले गेले. त्याचा अर्थ ‘ड्रॅगन हो’ असा लावता येतो. लीचे नाव होते ‘सिउ लुंग’, धाकटा ड्रॅगन. गंमत अशी की ‘फिस्ट ऑफ फ्युरी’मध्ये लीच्या लाथेने बाहेर फेकला जाणारा जपानी खलनायक जिथे पडतो, तिथे पडण्याचे काम याच मुलाने केले होते. ज्याने लाथ खाल्ली, त्यालाच आता ती मारणाऱ्याच्या जागी उभे केले गेले.

कथानक थोडक्यात असे. चेन झेनची वाग्दत्त वधू (दोन्ही चित्रपटांत नोरा मियाओ) शांघायहून तैवानला आजोबांकडे येते. तिच्याजवळ चेनचा नानचाकू आहे. एक भुरटा चोर तो पळवतो. या चोराच्या अंगी लढण्याची उपजत चुणूक आहे, पण त्याला ही विद्या शिकायची नाही. बेटावरचे सारे आखाडे आपल्या अंकित करू पाहणाऱ्या जपानी आखाडाप्रमुखाशी अखेर तो झुंजतो. शेवटी पुन्हा त्याच बंदुका.

पहिला दोष रचनेचा. नायक बराच काळ बाजूलाच राहतो आणि मधला भाग रेंगाळतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तैवान हे १८९५ ते १९४५ पर्यंत जपानच्या ताब्यात होते. शांघायमधील सवलतींच्या वसाहती आणि शाळा, कायदा, भाषा व्यापणारी ५० वर्षांची राजवट या निराळ्या गोष्टी. चित्रपटाने स्थळ बदलले, पण त्या स्थळाचे दुःख निराळे असेल हे ओळखले नाही. शांघायचाच अपमान त्याने तिथे नेऊन पुन्हा मांडला, म्हणून तो उसना वाटतो.

तरीही एक धागा अस्सल आहे. मृताचे शस्त्र हाती आले असूनही ते चालवायला तयार नसलेला तो पोरगा! पडद्यावर आणि पडद्याबाहेर एकच गोष्ट घडत होती. चॅनचे शिक्षण पेकिंग ऑपेराच्या परंपरेतले. कसरत, लवचीकपणा, विनोद हे त्याचे भांडवल. त्याला मात्र लीचा जळता संताप चेहऱ्यावर आणायचा होता. कथेतला नकार दिग्दर्शकाने मनावर घेतला असता, तर निराळा चित्रपट निर्माण झाला असता. त्याने तो नकार केवळ दूर सारण्याजोगा अडथळा मानला.

वारसा म्हणजे नक्कल नव्हे, याचा पुरावा दोनच वर्षांत मिळाला. १९७८ मध्ये युएन वू-पिंग यांच्या ‘ड्रंकन मास्टर’मध्ये चॅनच्या वाट्याला वारशाने आलेलाच नायक होता : वाँग फेई-हुंग. १९४९ पासून कित्येक चित्रपटांतून क्वान टाक-हिंग यांनी त्याला धीरगंभीर, सदाचारी गुरू म्हणून उभे केले होते. चॅनने तोच वाँग उनाड, मार खाणारा, शिकण्याचा कंटाळा करणारा पोरगा म्हणून रंगवला. परंपरा तीच, फक्त तिच्यात शिरण्याची वाट नटाने आपल्या स्वभावातून काढली. साहित्यात थोर लेखकाच्या शैलीखाली दबलेल्या पुढच्या पिढीचा प्रश्नही याहून फार वेगळा नसतो.

असो. चॅन प्रसिद्ध झाल्यावर, १९८० मध्ये, ‘न्यू फिस्ट ऑफ फ्युरी’ बराच कापून पुन्हा प्रदर्शित करण्यात आला. पहिल्या वेळी तो लीच्या पुण्याईवर विकायला काढला होता. या वेळी चॅनच्या.