घणाखालची घनता

दौलताबादच्या वाटेवर पडेगावच्या आसपास पायाखाली काळा बेसाल्ट. त्यावर घण बसला की ठणका मनगटापर्यंत येतो. हा ‘घण’ आणि भौतिकशास्त्रातली ‘घनता’ एकाच घरातले. संस्कृत ‘हन्’ म्हणजे मारणे, त्यापासून ‘घन’. पाणिनीने त्यासाठी खास सूत्रच दिले आहे : ‘मूर्तौ घनः’. मूर्ती म्हणजे इथे कठीणपणा. ठोकून ठोकून जे गच्च झाले, ते घन. पुढे घनदाट रान आले, आभाळातले घन आले, गणितातला घनही आला.

शाळेत मात्र घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. खडीचा एक तुकडा घ्या. तराजूवर १४५ ग्रॅम. दोरा बांधून मोजपात्रात सोडा. पाणी ६० वरून ११० मिलिलीटरवर चढते. आकारमान ५० घनसेंटीमीटर, घनता २.९. म्हणजे पाण्याच्या जवळजवळ तिप्पट.

किलोभर लोखंड जड की किलोभर कापूस? या जुन्या कोड्यात फसणारा जडपणा आणि घनता यांची गल्लत करतो. वजन सारखेच, फरक आहे तो किती जागेत किती ठासून भरले आहे याचा.