उपनगराला नगरसेवक कसा मिळाला?

१/९
अंधेरी, भांडुप किंवा दहिसरचा मतदार आज मुंबई महापालिकेत आपला नगरसेवक निवडून देतो. हा हक्क वाटतो तितका जुना नाही. मालमत्ता, भाडे आणि हद्द असे तीन उंबरठे ओलांडून तो उपनगरापर्यंत पोहोचला.

२/९
१८७२ च्या कायद्याने महापालिकेत ६४ सदस्य आले. त्यांतील ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी निवडलेले आणि १६ सरकारनियुक्त होते. १८८८ च्या कायद्याने सदस्यसंख्या ७२ झाली; त्यांपैकी ३६ जागा वॉर्डांतून भरल्या जात. मताधिकार मात्र मालमत्ता आणि प्रतिष्ठा असलेल्यांचाच राहिला.

३/९
१९२२ मध्ये भाडेकरूंनाही मत मिळाले, पण अट होती दरमहा किमान १० रुपये भाड्याची. त्याहून स्वस्त खोलीत संसार मांडणारा कामगार शहर चालवत होता. ते कोणी चालवावे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नव्हता.

४/९
हे सारे माहीम-शीवच्या अलीकडचे. पलीकडे साष्टीत १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा स्थापन झाला. वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी येथे स्वतंत्र नगरपालिका होत्या. कारभार लहान, साधने तुटपुंजी. पण सभागृह घराजवळ होते.

५/९
१९४८ मध्ये महापालिकेची निवडणूक प्रथमच प्रौढ मताधिकाराने झाली. १९५० मध्ये जवळची उपनगरे हद्दीत आली आणि १९५७ मध्ये हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. स्थानिक नगरपालिका विसर्जित झाल्या. उपनगराला महानगराच्या तिजोरीत वाटा मिळाला, मात्र त्याचे सभागृह बोरीबंदरासमोर गेले.

६/९
पुढच्या दशकांत माणसे उत्तरेकडे सरकत राहिली. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०,८५,४११ भरली, तर उपनगर जिल्ह्याची ९३,५६,९६२. म्हणजे चारांतील तीन मुंबईकर उपनगरवासी.

७/९
प्रभागरचनेला हा बदल मान्य करावाच लागला. २०१७ च्या निवडणुकीत २२७ पैकी ५६ जागा शहरात, ६९ पूर्व उपनगरांत आणि १०२ पश्चिम उपनगरांत होत्या. उपनगरांचा वाटा लोकसंख्येइतकाच, सुमारे ७५ टक्के. सरासरीने एका नगरसेवकामागे जवळपास ५५,००० माणसे येतात. एखाद्या लहान नगरपालिकेच्या गावाएवढी!

८/९
येथे एक गल्लत टाळावी. ‘के पश्चिम’ किंवा ‘एस’ हे प्रशासकीय वॉर्ड. त्यांचा प्रमुख सहायक आयुक्त, म्हणजे नेमलेला अधिकारी. निवडणुकीचा प्रभाग त्याहून लहान असतो आणि त्याचा प्रतिनिधी लोकांनी निवडलेला असतो. नळाला पाणी आणण्याचे काम पहिल्याचे, ते का आले नाही हे सभागृहात विचारण्याचे काम दुसऱ्याचे.

९/९
मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढचे मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झाले. मधल्या काळात कारभार प्रशासकाच्या हाती होता. कचरा उचलला जात होता, अंदाजपत्रके मंजूर होत होती. फक्त जाब विचारणारी २२७ आसने रिकामी होती. पूर्वी मत नाकारायला भाड्याची अट लागे. या पावणेचार वर्षांत मताधिकार सर्वांकडे होता, निवडणूकच नव्हती. प्रतिनिधित्वाचा इतिहास वाचताना म्हणूनच दोन प्रश्न सोबत ठेवावेत : मत कोणाला होते, आणि ते देण्याची वेळ केव्हा आली?