दोनशे तासांचा पायलट आणि काकडीची धावपट्टी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा विषय आपल्या शेजारचा आहे. विमानतळाचं नाव शिर्डी असलं, तरी विमान उतरतं काकडी गावात. तालुका कोपरगाव, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचं अहमदनगर. 1 ऑक्टोबर 2017 ला तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते या विमानतळाचं उद्घाटन झालं. साईबाबांच्या समाधीला 2018 मध्ये शंभर वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्या शताब्दी वर्षाची सुरुवातही त्याच दिवशी झाली. धावपट्टी 2,500 मीटरची. आजूबाजूला कोरडवाहू शेतं.

या विमानतळावर उतरताना मी एक वाक्य बऱ्याचदा ऐकलंय. विमान थांबतं, कॉकपिटचं दार उघडतं आणि आतून पंचविशीतला एखादा पोरगा किंवा पोरगी बाहेर येते. रांगेतली एखादी आजी हळूच म्हणते, "अगं बाई, हे एवढंसं लेकरू विमान चालवत होतं?"

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जगभरच्या विमान कंपन्या, सरकारं आणि पायलटांच्या संघटना याच प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडतायत. कमी तासांच्या तरुण पायलटला प्रवासी विमानात बसवावं का? अनुभव किती असला म्हणजे पुरे? याचं उत्तर इतिहासात शोधायला गेलं की गंमत होते. आपण शोधत असतो एक आणि हाती लागतं भलतंच.

तास म्हणजे काय?

आधी हिशेब समजून घेऊ. भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी वय किमान 18 आणि उड्डाण किमान 200 तास लागतं. त्यातले 100 तास स्वतः विमानाचं नेतृत्व करून. हे तास बहुतेक छोट्या, एका इंजिनाच्या विमानांवर होतात. आपल्याकडे बारामती, धुळे, गोंदिया इथे असं प्रशिक्षण चालतं. मग एअरबस किंवा बोइंग, जे विमान चालवायचं त्याचं वेगळं प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग. ते मुख्यतः सिम्युलेटरवर. त्यानंतर उमेदवार प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी उजव्या खुर्चीत बसतो. तो झाला फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. डाव्या खुर्चीत, कॅप्टन म्हणून बसायचं तर पुढचं लायसन्स लागतं, आणि त्याला किमान 1,500 तास.

म्हणजे आजीने पाहिलेलं लेकरू एकटं नव्हतं. शेजारी कॅप्टन होता. पण दोघंही खरे पायलट. एक फेरी कॅप्टन चालवतो, परतीची को-पायलट, असं सर्रास चालतं. त्यामुळे "तो तर नुसता मदतनीस" असं म्हणून प्रश्न सुटत नाही.

सतरा वर्षांचा अस्पी

आता थोडं मागे जाऊ. 1930 साल. आगाखानांनी बक्षीस लावलं: इंग्लंड ते भारत हा प्रवास महिन्याभरात एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला. दिशा कुठलीही चालेल. तिघं निघाले. मनमोहन सिंग, जेआरडी टाटा आणि अस्पी इंजिनिअर. अस्पीचं वय होतं सतरा. तो इंग्लंडहून कराचीकडे येत होता, जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे जात होते. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे जादाचे प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी पुढे निघाला आणि बक्षीस त्यानेच जिंकलं. हाच मुलगा 1960 मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

मग काय, वय आणि तास याला अर्थच नाही? तसं नाही. अस्पीच्या मागे 180 माणसं बसलेली नव्हती. जीव होता तो त्याचा एकट्याचा. पायलटच्या पाठीमागे तिकीट काढून माणूस बसला, तेव्हापासून अनुभवाचा प्रश्न त्या पायलटचा खासगी राहिला नाही.

शिडीच्या खालच्या पायऱ्या

निवेदिता भसीन इंडियन एअरलाइन्समध्ये पायलट म्हणून लागल्या 1984 मध्ये. वय वीस. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1985 मध्ये, आपल्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फॉकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं. सगळ्या महिला कर्मचारी असलेलं ते गाजलेलं उड्डाण. को-पायलट होत्या भसीन. आणि 1 जानेवारी 1990 ला, वयाच्या 26 व्या वर्षी, भसीन जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या. मार्ग कुठला? मुंबई, औरंगाबाद, उदयपूर. काकडीला धावपट्टी नव्हती, तेव्हा शिर्डीला विमानाने येणारे कितीतरी भाविक याच औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला उतरायचे.

सव्विसाव्या वर्षी कॅप्टन! आजी तेव्हाही म्हणाल्याच असत्या. पण वीस ते सव्वीस या मधल्या वर्षांकडे बघा. आधी फॉकरसारखी पंख्याची, छोट्या गावांना जाणारी विमानं, मग बोइंग. शिडी होती आणि तिच्या खालच्या पायऱ्या शाबूत होत्या.

2003 मध्ये एअर डेक्कन आली. पाठोपाठ स्पाइसजेट, किंगफिशर, इंडिगो. विमानं भराभर आली, पायलट कमी पडले. परदेशातून कॅप्टन आणले गेले आणि उजव्या खुर्चीसाठी नवी मुलं थेट एअरबसवर घेतली जाऊ लागली. खालच्या पायऱ्यांची जागा सिम्युलेटरने घेतली. मग 2008 ची मंदी आली. 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली, एप्रिल 2019 मध्ये जेट. हजारो मुलं खिशात लायसन्स घेऊन घरी बसली. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. आपल्या भागात असं एक जरी घर तुमच्या ओळखीचं असेल, तर त्या घराच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा कसा चढतो हे मी सांगायला नको. 2023 मध्ये चित्र पुन्हा पालटलं. एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची ऑर्डर दिली. आता म्हणे पायलट पाहिजेत.

आणि तासांच्या मागे लागलं की काय होतं तेही आपण पाहिलंय. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिका देऊन लायसन्स मिळवणारे पायलट पकडले गेले. न उडवलेले तास लॉगबुकात लिहिल्याची प्रकरणंही बाहेर आली. आकड्यालाच किंमत आली की आकडा बनवणारेही येतात.

अमेरिकेचे पंधराशे

अमेरिकेने मात्र आकडाच वाढवला. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलो शहराजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, 50 माणसं गेली. मृतांच्या नातेवाइकांनी लढा दिला, 2010 मध्ये कायदा झाला आणि 2013 पासून तिथे को-पायलटलाही साधारणपणे 1,500 तास लागू लागले. त्याआधी 250 वर काम भागायचं.

आता गंमत ऐका. त्या अपघातग्रस्त विमानाच्या कॅप्टनकडे तीन हजारांच्या वर तास होते आणि को-पायलटकडे दोन हजारांच्या वर. म्हणजे नवा नियम आधीपासून असता, तरी ते दोघं त्याच कॉकपिटमध्ये बसले असते! आणि तिकडची मुलं हे 1,500 तास भरतात कसे? कोणी छोट्या विमानावर विद्यार्थ्यांना शिकवतं, कोणी जाहिरातीचं कापड विमानाला बांधून समुद्रकिनाऱ्यावर घिरट्या घालतं. शिकवण्यातून शिकायला मिळतं, नाही असं नाही. पण ढगात, पावसात, दोघांनी मिळून जेट उतरवायचं शिक्षण त्यात किती?

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतोय. 1 जून 2009, एअर फ्रान्स 447. अटलांटिकवर वेग मोजणारी यंत्रणा बर्फाने बंद पडली. कॅप्टन विश्रांतीला गेलेले होते आणि विमान कॉकपिटमधल्या सगळ्यात कमी अनुभवी पायलटच्या हातात होतं. त्याने विमानाचं नाक वर ओढलं, ओढतच राहिला. 228 माणसं गेली. त्याच्याकडेही तीन हजारांच्या जवळपास तास होते. पण एवढ्या उंचीवर, ऑटोपायलट सुटल्यावर विमान हाताने सांभाळायचा सराव त्या तासांत नव्हता. म्हणजे तास किती, यापेक्षा तास कसले हे आधी विचारलं पाहिजे.

"परत वर घ्या"

आता आपल्या देशातले दोन अपघात.

22 मे 2010, मंगळूर. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग 737 धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. 158 मृत्यू, 8 जण वाचले. कॅप्टन दहा हजारांच्या वर तासांचे. को-पायलट त्यांच्या तुलनेत कितीतरी कनिष्ठ. चौकशीत कळलं की उतरताना को-पायलटने तीनदा गो-अराउंड करायला सांगितलं होतं. गो-अराउंड म्हणजे उतरणं रद्द करून विमान परत वर घेणं. कॅप्टननी ऐकलं नाही.

7 ऑगस्ट 2020, कोझिकोड. कोविडमध्ये अडकलेल्यांना घेऊन दुबईहून आलेलं विमान. कॅप्टन दीपक साठे, नागपूरच्या मराठी घरातले. हवाई दलात विंग कमांडर, अकादमीत स्वोर्ड ऑफ ऑनर, नंतर चाचणी वैमानिक. दहा हजारांवर तास. यापेक्षा मोठा अनुभव कुठून आणायचा? को-पायलटकडे दोन हजारांच्या आत. पाऊस, मागून वारा, कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडलेला. विमान जवळजवळ निम्मी धावपट्टी संपल्यावर टेकलं आणि टोकावरून खाली कोसळलं. 21 जण गेले, त्यात दोन्ही पायलट. चौकशी अहवालात नोंद आहे की को-पायलटने "गो अराउंड" म्हटलं होतं. हेही लिहिलंय की कॅप्टन ऐकत नाही म्हटल्यावर त्याने विमानाचा ताबा घ्यायला हवा होता, तो त्याने घेतला नाही. दोघांमधल्या अधिकाराचं अंतर फार मोठं होतं.

साठेंसारख्या माणसाबद्दल हे बोलताना जड जातं. त्यांच्या कर्तबगारीवर याने शंका येत नाही. पण ही नोंद वगळून मला पुढे जाता येणार नाही. दोन्ही वेळा बरोबर होता तो कमी तासांचा आवाज. आणि दोन्ही वेळा तो आवाज कमी पडला.

हे काही आपल्याच देशात होतं असं नाही. 27 मार्च 1977 ला टेनेरिफला दोन जंबो धावपट्टीवर धडकले, 583 माणसं गेली. तिथेही केएलएमच्या नामांकित कॅप्टनला फ्लाइट इंजिनिअरने शंका बोलून दाखवली होती, तीही झटकली गेली. त्यानंतरच्या काळात कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं कसं, याचं प्रशिक्षण सुरू झालं. आज ते सगळीकडे सक्तीचं आहे. पण प्रशिक्षण चार दिवसांचं आणि संस्कार वीस वर्षांचे. "मोठ्यांच्या तोंडी लागू नये" हे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. धाकट्याने "सर, थांबा" म्हणायचं आणि "सर"नी खरंच थांबायचं, हे आपल्याकडे दोघांनाही अवघड.

काकडीला काय दिसतं

आता पुन्हा आपल्या धावपट्टीकडे. 29 एप्रिल 2019 ला दिल्लीहून आलेलं स्पाइसजेटचं बोइंग इथे धावपट्टीच्या टोकापलीकडे गेलं. प्रवासी सुखरूप होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दृश्यमानता घसरली. तेव्हा इथे उतरायला पाच किलोमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसणं गरजेचं होतं. ते दिसेना, आणि जवळपास महिनाभर विमानं बंद राहिली. लोक चिडले. दर्शनाचे बेत मोडले, हॉटेलवाल्यांचं आणि टॅक्सीवाल्यांचं नुकसान झालं.

पण "आज उतरायचं नाही" हा निर्णय घेणं हेच तर पायलटचं सगळ्यात अवघड काम. उतरवलेल्या विमानाला टाळ्या मिळतात. परत वर घेतलेल्या विमानातले प्रवासी मात्र पायलटला नावं ठेवतात. आणि लॉगबुकात तास लिहिले जातात, योग्य वेळी दिलेला नकार लिहायला त्यात रकाना नसतो.

म्हणून माझं मत सांगतो. दोनशे तासांचा मुलगा उजव्या खुर्चीत बसायला माझी हरकत नाही, पण तीन अटींवर. एक, प्रशिक्षणात वाईट हवामान आणि हाताने विमान सांभाळणं खरोखर करून घेतलेलं असावं. दोन, शेजारचा कॅप्टन शिकवणारा असावा, धाक घालणारा नको. तीन, गो-अराउंडबद्दल कंपनीने कधी कोणाला जाब विचारू नये, मग इंधन कितीही जळो. या तिन्ही गोष्टी नसतील, तर दोनशेचे पंधराशे करून फक्त आकडा मोठा होईल.

श्रोत्यांमधल्या ज्यांना पायलट व्हायचंय त्यांना शेवटी एवढंच. सगळं धरून खर्च कोटीच्या घरात जातो, तेव्हा फ्लाइंग स्कूल निवडताना "तास किती महिन्यांत पूर्ण करून देता?" एवढ्यावर थांबू नका. प्रशिक्षक किती आहेत, चालू स्थितीतली विमानं किती, शिकून गेलेली मुलं आज कुठे आहेत, हेही विचारा. आणि घरी एक सराव आजपासून करा. वडील गाडी जोरात चालवत असतील, तर "बाबा, हळू" असं स्पष्ट म्हणा. वडिलांनो, तुम्हीही तेव्हा वेग कमी करा.

पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.