एका क्रीडागृहाची कथा : पॅरिसचे 'व्हेल दीव्ह'



इतिहास म्हटला की राजे, लढाया व तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज मी एका इमारतीचा इतिहास सांगणार आहे, आणि तीही राजवाडा नव्हे की किल्ला नव्हे. लोकांनी तिकीट काढून आत जावे, मनसोक्त ओरडावे आणि रात्री घरी परतावे, अशी ती जागा होती. पॅरिस शहरातील 'व्हेलोद्रोम दिव्हेर', म्हणजे हिवाळी सायकल-शर्यतींचे बंदिस्त क्रीडागृह, हे तिचे नाव. पॅरिसकर तिला लाडाने 'व्हेल दीव्ह' म्हणत.

फ्रान्समध्ये सायकलच्या शर्यतींचे वेड फार. परंतु हिवाळ्यातील थंडीपावसात उघड्यावर शर्यती व्हाव्या कशा? 'टूर द फ्रान्स' या विख्यात शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांनी यावर उपाय काढला. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी आयफेल मनोऱ्याजवळ एक प्रचंड यंत्रदालन उभारलेले होते. त्यात १९०३ साली त्यांनी शर्यती सुरू केल्या. पुढे ते दालन पाडावयाचे ठरले, तेव्हा जवळच नेलातों मार्गावर नवे क्रीडागृह बांधले गेले. १९१० च्या फेब्रुवारीत ते उघडले. वर काचेचे छप्पर, खाली २५० मीटरांची लाकडी धाव, तिची वळणे भिंतीसारखी चढी, आणि सभोवार सुमारे १७ हजार लोक मावतील अशा बैठका. १९१३ पासून तेथे सहा दिवस व सहा रात्री चालणारी शर्यत भरू लागली. जोडीतील एक गडी दमला की दुसरा सायकल पिटाळी. मधल्या जागेत धनिक मंडळी भोजन करीत आणि वरच्या स्वस्त बैठकांवर कामकरी लोक गर्दी करीत.

१९२४ च्या ऑलिंपिक सामन्यांतील कुस्ती, मुष्टियुद्ध व वजन उचलण्याच्या स्पर्धा येथेच झाल्या. १९३१ नंतर जेफ डिक्सन या अमेरिकन चालकाने येथे बर्फाचे मैदान केले आणि हॉकीचे खेळ लावले. राजकीय सभाही येथे गाजल्या. सारांश, शहराने एकत्र जमावे अशी ही जागा होती.

आता १९४२ साल पाहा. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते; परंतु फ्रान्सचे एक सरकार व्हिशी येथे नांदत होते आणि पोलीस फ्रेंचच होते. १९४० च्या शरद ऋतूत यहुदी लोकांची गणती करून पोलिसांनी त्यांची पत्रके तयार केलेली होती. जर्मनांनी माणसे मागितली, पोलीसप्रमुख रने बुस्के यांनी आपले पोलीस देऊ केले, आणि सोळा वर्षांखालील मुलेही नेण्यात यावीत असे सुचविले ते फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल यांनी! १६ व १७ जुलै या दोन दिवसांत १३ हजार १५२ माणसे पकडली गेली. त्यांत ४ हजारांहून अधिक मुले होती. एकट्यादुकट्यांना थेट द्रांसीच्या छावणीत पाठविले. मुलाबाळांच्या कुटुंबांना, म्हणजे सुमारे ८ हजार जिवांना, व्हेल दीव्हमध्ये कोंडले.

हवाई हल्ल्यांच्या भीतीने छपराच्या काचा निळ्या रंगविलेल्या होत्या आणि खिडक्या बंद होत्या. ऐन उन्हाळा! काही शौचकूप कुलूपबंद केले होते, कारण त्यांच्या खिडक्यांतून कोणी निसटेल ही धास्ती. पाण्याची वानवा होती. अशा स्थितीत ती कुटुंबे पाच दिवसांपर्यंत राहिली. बंबवाल्यांनी मात्र आपले नळ सोडून लोकांना पाणी पाजले आणि त्यांच्या चिठ्ठ्या बाहेर नेऊन टपालात टाकल्या. तेथून या मंडळींची रवानगी पितिव्हिए व बोन-ला-रोलांद येथील छावण्यांत झाली. तेथे मुलांना आयांपासून तोडले, आणि शेवटी सर्वांची वाट ऑश्विट्झला गेली. परतले ते हाताच्या बोटांवर मोजावे इतके.

तथापि पोलिसांच्या यादीत सुमारे २७ हजार नावे होती, हेही ध्यानी घ्या. निम्म्याहून अधिक माणसे सापडली नाहीत. काही शिपायांनीच आगाऊ सूचना दिल्या होत्या, काही शेजाऱ्यांनी दारे उघडली होती. 'आम्ही हुकमाचे ताबेदार' असे म्हणणाऱ्यांना इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे.

युद्ध संपले आणि त्याच लाकडी धावेवर पुन्हा शर्यती सुरू झाल्या! १९५८ साली अखेरची सहा दिवसांची शर्यत झाली. १९५९ साली आग लागली आणि नंतर इमारत पाडली गेली. त्या जागेवर पुढे गृहखात्याचीही कचेरी आली.

चित्राचीही गोष्ट ऐकण्याजोगी आहे. क्रीडागृहात कोंडलेल्या यहुद्यांचे म्हणून एक छायाचित्र वर्षानुवर्षे पुस्तकांतून छापले जात होते. सर्ज क्लार्सफेल्द या संशोधकाने दाखवून दिले की ते १९४४ चे आहे. मुक्ततेनंतर त्याच जागी डांबलेल्या, जर्मनांशी हातमिळवणी केल्याच्या संशयितांचे! ज्या जुलैचे चित्र आपण पाहतो असे लोकांना वाटत होते, त्या जुलैचे आतले चित्र ते नव्हतेच.

१९९४ साली सीन नदीच्या काठी स्मारक उभे राहिले. १६ जुलै १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी फ्रेंच राज्याचा या कृत्यातील वाटा उघडपणे मान्य केला. एवढे एक वाक्य उच्चारण्यास त्रेपन्न वर्षे लागली.

श्रोतेहो, दोष भिंतींचा नव्हता. पुष्कळ माणसे मावावीत, दारे थोडी असावीत आणि प्रत्येक दारावर पहारा ठेवता यावा, ही क्रीडागृहाची सोय. तीच तुरुंगाचीही सोय ठरली. अशी दालने सर्वच शहरांत असतात. त्यांत उत्सव भरावा की माणसे कोंडावी, हे यादी लिहिणारा कारकून, दारावरचा शिपाई आणि खिडकीतून पाहणारा शेजारी, असे तुमच्याआमच्यासारखे लोकच ठरवीत असतात.