संस्थान

संस्थान : अंतर्गत कारभार स्वतःच्या राजाकडे, पण सार्वभौमत्व वरिष्ठ सत्तेकडे असलेला प्रदेश. मराठीत ही संज्ञा मुख्यतः ब्रिटिशकालीन देशी राज्यांसाठी रूढ आहे. त्याच्या अधिपतीला संस्थानिक म्हणतात.

व्युत्पत्ती व अर्थ : ‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘स्था’ (राहणे, उभे असणे) हा धातू यांपासून हा संस्कृत शब्द बनला. रचना, आकृती, स्थिती, ठिकाण हे त्याचे जुने अर्थ. मराठीत अधिष्ठान किंवा गादी असलेली जागा हा अर्थ बळावला. ती गादी राजाची असो वा देवाची, शब्द एकच. शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान किंवा गोव्यातील ‘श्री संस्थान’ म्हणवणारे कवळे व पर्तगाळी मठ ही त्याची उदाहरणे. मलयाळममध्ये हाच शब्द आजच्या घटक राज्यासाठी वापरतात. हिंदी-उर्दूतील प्रतिशब्द ‘रियासत’ अरबीतून आला. मराठीत मात्र त्याचा अर्थ राजवट असा होतो, गो. स. सरदेसाई यांच्या ‘मराठी रियासत’ या ग्रंथमालेच्या नावात तोच अभिप्रेत आहे.

राजकीय आशय : 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर साताऱ्याच्या छत्रपतींचे जहागीरदार असलेल्या भोर, औंध, फलटण, जत व अक्कलकोट येथील घराण्यांशी इंग्रजांनी 1820 मध्ये करार केले. 1848 मध्ये सातारा खालसा झाल्यावर ही घराणी थेट इंग्रजांच्या अंकित आली आणि जहागिरींना संस्थानांचा दर्जा मिळाला. हा दर्जा विस्तारावर नव्हे, तर इंग्रजांच्या मान्यतेवर ठरे. म्हणून ग्वाल्हेर, बडोदे यांसारखी मोठी राज्ये आणि थोड्या गावांचे मुलूख एकाच संज्ञेत बसले. साडेपाचशेहून अधिक संस्थानांचे परराष्ट्रसंबंध व संरक्षण इंग्रजांकडे होते.

विलीनीकरण : दक्षिणेतील बहुतेक मराठी संस्थाने मार्च 1948 मध्ये, तर कोल्हापूर 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानिकांचे तनखे व मान्यता 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने रद्द झाली.

जुने दस्तऐवज वाचताना ‘खालसा’, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालचा, आणि ‘संस्थानी’ मुलूख हा भेद कटाक्षाने पाहावा. शेजारशेजारच्या गावांनाही त्यामुळे वेगळे कायदे, कर आणि न्यायालये असत.