काळा पट्टा आणि एक नमस्कार

वाचकहो, हल्ली तालुक्याच्या गावीसुद्धा कराटेचे वर्ग निघाले आहेत. शाळेच्या पटांगणात संध्याकाळी पांढरे कपडे घातलेली मुलं ओळीनं उभी असलेली तुम्ही पाहिली असतील. कुणाच्या कमरेला पिवळा पट्टा, कुणाच्या हिरवा, आणि साऱ्यांचा डोळा मात्र काळ्या पट्ट्यावर! त्या पट्ट्याच्या परीक्षेत ठोसे आणि लाथा नंतर येतात. आधी वाकून नमस्कार. समोर परीक्षक, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या पाठीमागे भिंतीवर एखाद्या जपानी गुरूची तसबीर. आता त्या ओळीत एखादा ख्रिस्ती मुलगा असला तर? देवाखेरीज कशाचीही पूजा करायची नाही असं त्याला घरी शिकवलेलं. मग या तसबिरीपुढे त्यानं वाकावं की नाही?

प्रश्न पोरकट वाटतो खरा. पण जपानात अशाच प्रश्नापायी एका शिक्षकाची नोकरी गेली, आणि शंभर वर्षांनी एका विद्यार्थ्याला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आधी पट्ट्याची गोष्ट सांगतो. ती वाटते तितकी प्राचीन नाही. कानो जिगोरो हे १८६० साली जन्मलेले, विद्यापीठात शिकलेले शिक्षक. १८८२ साली तोक्यो शहरातील एइशोजी या बौद्ध मठात, बारा चटयांच्या जागेत, त्यांनी ज्युदो शिकवायला सुरुवात केली. या शाळेचं नाव कोदोकान. ‘गो’ नावाचा एक पटावरचा खेळ जपानात आहे. त्यातल्या खेळाडूंच्या पायऱ्या कानोंनी आपल्या विद्येला लावल्या. १८८३ साली दोन शिष्यांना त्यांनी ‘शोदान’ दिली. काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी आला. शोदान म्हणजे आरंभीची पायरी, बरे का! काळा पट्टा मिळाला म्हणजे विद्या संपली असे आपल्याकडे समजतात. मूळ शब्द सांगतो की आता कुठे सुरुवात झाली. कराटेने हा पट्टा ज्युदोकडून उचलला. फुनाकोशी गिचिन यांनी कराटेतले पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ साली.

नमस्काराला तिकडे ‘रेइ’ म्हणतात. ज्याच्याशी झुंजायचे त्याचा मान राखणे, हा त्यातला मुख्य भाव. पण अनेक जुन्या तालीमघरांत शिंतो देवतांचा छोटा देव्हाराही असे, आणि वाकायचे ते त्याही दिशेला. आपला पैलवान लाल माती कपाळाला लावून आखाड्यात उतरतो. कोपऱ्यात मारुती असतोच. तिथे भक्ती कुठे संपते आणि शिस्त कुठे सुरू होते, हे आपण कधी विचारतो का?

जपानी ख्रिस्ती माणसाला मात्र ते विचारावे लागले, आणि त्याला कारण आहे. सतराव्या शतकात तिथे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. नागासाकीकडे लोकांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. जो कचरला तो ख्रिस्ती! बंदीचे फलक उतरले ते १८७३ साली. देहाच्या एका हालचालीवरून मनातली श्रद्धा ओळखायची, ही परीक्षा या लोकांनी अशी पिढ्यान् पिढ्या दिली होती.

फलक उतरल्यावर अठरा वर्षांनी उचिमुरा कान्झो यांचे प्रकरण घडले. जन्म १८६१ चा, म्हणजे आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्याच वर्षीचा. घराणे सामुराईंचे, शिकत असताना साप्पोरोला बाप्तिस्मा घेतलेला. येशू आणि जपान या दोघांवर आपले सारखेच प्रेम, असे ते सांगत. ९ जानेवारी १८९१ रोजी तोक्योच्या पहिल्या उच्च माध्यमिक शाळेत सम्राटाच्या सहीचा शिक्षणविषयक आदेश मांडला होता. एकेका शिक्षकाने पुढे जाऊन त्या सहीपुढे खोल वाकायचे. उचिमुरांचा क्रमांक तिसरा. विचार करायलाही अवधी नव्हता. ते घुटमळले, मान किंचित झुकवली आणि मागे फिरले.

हजारावर विद्यार्थ्यांच्या देखत हे झाले. देशद्रोही म्हणून ओरड सुरू झाली. मुख्याध्यापकांनी समजावले की, हा नमस्कार पूजेचा नाही, आदराचा आहे. तेवढा खुलासा उचिमुरांना पुरला. वाकायला ते तयार झाले. पण तोवर ते आजारी पडले होते, म्हणून त्यांच्या वतीने एका सहकाऱ्याने नमस्कार केला. तरीही नोकरी गेली. त्यांची शुश्रूषा करणारी पत्नीही त्याच वसंतात वारली. मला नेहमी वाटते, मुख्याध्यापकांनी ते एक वाक्य आदल्या दिवशी सांगितले असते तर? पुढे १८९३ साली थोडे महिने याच शाळेचे मुख्याध्यापक झाले ते ज्युदोवाले कानो जिगोरो.

आता एकदम शंभर वर्षे पुढे येऊ, कोबे शहरात. तिथल्या महापालिकेच्या तांत्रिक महाविद्यालयात शारीरिक शिक्षणात केंदो सक्तीचे होते. केंदो म्हणजे बांबूच्या तलवारीची विद्या. तिच्यातही शोदान असते, फक्त पट्टा नसतो. १९९० साली तिथे दाखल झालेला एक विद्यार्थी ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचा होता. शस्त्रविद्या आपल्या श्रद्धेला मान्य नाही, असे तो म्हणाला. इतर विषयांत तो हुशार, बाकीची कवायत नीट करणारा. तरी दोनदा त्याला त्याच वर्गात बसवले आणि १९९२ साली काढून टाकले. ८ मार्च १९९६ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो विद्यार्थ्याच्या बाजूने. न्यायालय म्हणाले की, केंदोवाचून शिक्षण अडत नाही. दुसरा व्यायाम किंवा दुसरे काम देता आले असते, पण महाविद्यालयाने त्याचा पुरेसा विचारच केला नाही.

गुरुजनहो, या खटल्यातली एक बारीक गोष्ट तुम्हांला मुद्दाम सांगतो. सराव चाले तेव्हा हा मुलगा घरी पळत नसे. बाजूला बसून तो काय चालले आहे याच्या नोंदी काढी, आणि वर्ग संपल्यावर त्याचा अहवाल लिहून शिक्षकांपुढे धरी. शिक्षकांनी तो घेतला नाही.