कागद नसलेलं कोर्ट: सातारच्या प्रतिसरकारकडे कायद्याच्या नजरेनं बघताना

गेल्या चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर होतो. गुलालानं सगळं गुलाबी झालेलं, ‘चांगभलं’चा गजर आणि डोक्यावर उंचच उंच सासनकाठ्या. तुम्ही कधी गेला असाल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. एवढ्या गर्दीतही मानाच्या सासनकाठ्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा, मग पुढचे. आज बंदोबस्ताला पोलीस असतात, पण हा क्रम पोलिसांनी लावलेला नाही. तो परंपरेनं चालत आला आणि सगळे मानतात म्हणून टिकला.

माझ्या पीएचडीतल्या एका प्रकरणाचा प्रश्न नेमका हाच आहे: मागं सरकार नसताना नियम ‘कायदा’ कधी होतो? या लेखात तो प्रश्न, त्यात मी केलेली एक चूक आणि ती दुरुस्त करताना काय शिकलो, हे सांगतो. संशोधनाची तयारी करत असाल तर चुकीचा भाग जास्त उपयोगी पडेल.

आधी थोडं जग फिरून येऊ

स्वतःला देश म्हणवून घेणारी चिमुकली ‘राष्ट्रं’ तुम्ही ऐकली असतील. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उभ्या असलेल्या एका जुन्या लष्करी चौथऱ्यावर रॉय बेट्स यांनी 1967 मध्ये ‘सीलँड’ जाहीर केलं. 1975 मध्ये त्याची राज्यघटनाही आली. ऑस्ट्रेलियातल्या लिओनार्ड कॅस्ली या शेतकऱ्यानं 1970 मध्ये गव्हाच्या कोट्यावरून सरकारशी भांडून ‘हट रिव्हर’ नावाचं राज्य काढलं. ते 2020 मध्ये बंद झालं. अशा ठिकाणी झेंडा, शिक्का, घटना, टपाल तिकीट सगळं असतं. नसतं ते एकच: आपलं खरंखुरं भांडण घेऊन त्या राज्याच्या दारात जाणारा माणूस.

आता जोतिबाच्या डोंगरावरून उत्तरेकडे बघा. वारणेचं खोरं लागतं. नदीपलीकडचा वाळवा, शिराळा आज सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा तो सातारा जिल्हा होता. इकडं कोल्हापूर संस्थान, तिकडं इंग्रजांचा मुलूख, आणि मध्येच औंध संस्थानाचे तुकडे. या भागात 1943 ते 1946 अशी साधारण तीन वर्षं एक सरकार चाललं. त्याच्याकडं ना घटना होती, ना तिकीट, ना राजधानी. भांडणं मात्र त्याच्याकडं येत होती.

प्रतिसरकार थोडक्यात

1942 च्या ‘चले जाव’नंतर सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. 3 सप्टेंबरला तासगाव, 9 ला वडूज, 10 ला इस्लामपूर. वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार होऊन माणसं गेली. त्यानंतर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि 1943 मध्ये प्रतिसरकार उभं राहिलं. क्रांतिसिंह नाना पाटील हे त्याचं नाव आणि चेहरा. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर असे अनेक जण वेगवेगळे गट चालवत होते. ‘तुफान सेना’ हे त्यांचं सशस्त्र दल. प्रतिसरकार किती गावांत होतं, याचे आकडे दीडशेपासून सहाशेपर्यंत सापडतात. हा फरक गोंधळ समजून सोडून देऊ नका. ‘सरकार असणं’ म्हणजे काय, याची प्रत्येकानं वेगळी व्याख्या केली की आकडा बदलतो.

दोन तपशील मला फार महत्त्वाचे वाटतात. एक, नाना पाटील चळवळीत येण्याआधी तलाठी होते. सातबारा, गहाणखत, बांध, हिस्से हे गावाचं खरं दुखणं त्यांनी दप्तरातून बघितलं होतं. दोन, कुंडल हे औंध संस्थानात होतं. औंधमध्ये 1939 साली राजानंच गांधीजींच्या सल्ल्यानं सत्ता ग्रामपंचायतींकडं देणारी घटना लागू केली होती. म्हणजे गावानं बसून निवाडा करायचा, ही गोष्ट इथल्या लोकांना परकी नव्हती.

न्यायदान मंडळ

प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदान मंडळं नेमली. त्यांच्याकडं काय यायचं? सावकाराकडं अडकलेली जमीन, भावकीतल्या वाटण्या, नवऱ्यानं टाकलेली बाई, चोऱ्या-दरोडे, दारूचे गुत्ते. शिवाय कमी खर्चात, हुंडा आणि मानपान टाळून ‘गांधी विवाह’ लावले जायचे. यामागं सातारा जिल्ह्यातल्या सत्यशोधक चळवळीची जुनी मशागत होती.

लोक सरकारी कोर्ट सोडून इकडं का यायचे? देशभक्ती हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं साधं आहे. सरकारी कोर्ट तालुक्याला किंवा जिल्ह्याला. वकिलाची फी, तारखांवर तारखा, आणि सावकाराच्या हातात अंगठा उमटवलेला कागद. त्या कोर्टात कागद बोलायचा. गावच्या मंडळापुढं शेजारी बोलायचा, आणि अमक्याची जमीन कशी गेली हे शेजाऱ्याला माहीत असायचं.

याची मुळं आणखी मागं जातात. मराठेशाहीत गोतसभा आणि पंचायती निवाडा करून महजर लिहून देत. 1827 मध्ये एल्फिन्स्टनची नियमावली आली आणि मुंबई इलाख्यात कोर्टांची वेगळी चौकट पक्की होत गेली. पंचायत मागं पडली, पण गावाच्या आठवणीतून गेली नाही.

पत्री: शब्द आणि शिक्षा

आता अवघड भाग. या सरकारला लोक ‘पत्री सरकार’ म्हणायचे. घोड्याला नाल मारतात तशी माणसाच्या पायाला पत्री ठोकतात, अशी वदंता पसरली होती. प्रत्यक्षात शिक्षा होती ती पाय बांधून तळपायावर काठीनं मारण्याची. खबरे, दरोडेखोर, गावगुंड, बायकांना छळणारे यांना ती मिळायची. ‘प्रति’चं ‘पत्री’ झालं, आणि भीती नावातच जाऊन बसली.

इथं कायद्याच्या तत्त्वज्ञानातला एक प्रश्न उपयोगी पडतो. एच. एल. ए. हार्ट यांनी 1961 च्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’मध्ये तो मांडला. एखाद्यानं बंदूक रोखून पैसे मागितले तर ते देणं तुम्हाला *भाग पडतं*. म्हणून तुम्ही ते द्यायला *बांधील* होता का? नाही. कायदा म्हणायचा तर त्यात हा दुसरा भाव हवा. म्हणून प्रतिसरकारबद्दल खरा प्रश्न असा: निवाडा ज्याच्या विरुद्ध गेला, त्याला तो फक्त भाग पडला होता, की तो स्वतःला बांधील मानत होता?

माझी चूक

पहिल्या मसुद्यात मी लिहून टाकलं होतं की लोकांनी हा न्याय ‘स्वेच्छेनं स्वीकारला’. माझा आधार होता कार्यकर्त्यांच्या आठवणींचा. म्हणजे निवाडा देणाऱ्यांना विचारून मी निवाडा घेणाऱ्यांबद्दल लिहीत होतो. तेव्हा हे लक्षातही आलं नाही.

त्याच यात्रेत पायऱ्यांवर सावलीला एक म्हातारे गृहस्थ शेजारी बसले. सासनकाठीबरोबर वारणेपलीकडून आलेले. काय शिकतोस विचारलं, मी सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमच्या आज्ज्याला पत्री बसलीया. खबऱ्या म्हणून. पर तो खबऱ्या नव्हता बाबा. बांधाचं भांडान हुतं, शेजाऱ्यानं नाव घातलं.”

मला काय बोलावं कळेना. वहीही बाहेर काढली नाही. मग त्यांनीच पुढं सांगितलं, “आन् आत्याला नवऱ्यानं टाकली हुती, तर तिला नांदवाय ह्याच लोकांनी लावलं. सरकारी कोरटात कोन गेलं असतं?”

एकच घर आणि एकच ‘सरकार’. आजोबाला ते बंदूकवाल्यासारखं भेटलं आणि आत्याला न्यायाधीशासारखं. माझं ‘स्वेच्छेनं’ तिथंच गळून पडलं. आता त्या प्रकरणात दोन्ही गोष्टी आहेत, त्यांची परवानगी घेऊन, पण गावाचं नाव न देता. एका आठवणीवरून तो आजोबा निर्दोष होता असं मी सिद्ध करू शकत नाही, आणि लेखात तसं म्हटलेलंही नाही. एवढंच दाखवू शकतो की जिथं अपील नाही, तिथं खोट्या तक्रारीला बाहेर पडायची वाट नाही. सरकारी कोर्ट लांब होतं, महाग होतं, पण त्याच्यावर दुसरं कोर्ट होतं.

तुलना केली की काय दिसतं

असा प्रयोग करणारं सातारा एकटं नव्हतं. बंगालमध्ये तमलूकला डिसेंबर 1942 ते 1944 ‘जातीय सरकार’ चाललं, त्याचीही न्यायालयं होती. आयर्लंडमध्ये बंडखोर संसदेनं 1920 पासून स्वतःची कोर्टं चालवली. स्वातंत्र्यानंतर तिथल्या नव्या सरकारनं 1923 मध्ये खास कायदा करून त्या कोर्टांचे निकाल नोंदवून निकालात काढायची व्यवस्था केली. आपल्याकडं 1946 मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले आणि प्रतिसरकार विसर्जित झालं. निवाड्यानं परत मिळालेली जमीन कागदावर कोणाच्या नावे राहिली, हा प्रश्न घेऊन कोणी फेरफार नोंदी तपासायला बसलं, तर तो एक उत्तम प्रबंध होईल. तुम्हीच बसा!

तुमच्या वहीसाठी

कुठलीही ‘समांतर’ व्यवस्था अभ्यासताना मी आता हे पाच प्रश्न आधी लिहून ठेवतो:

1. तक्रार कोण घेऊन आलं, आणि कोण येऊ शकलं नाही?
2. निवाड्याला कोण बसलं? गावातल्या कुठल्या आळीचं?
3. अंमलबजावणी कोणी केली?
4. हरलेल्याला दुसरीकडं जाता येत होतं का?
5. हे सगळं मला कोण सांगतंय: मारणारा, मार खाणारा की फाईल लिहिणारा पोलीस?

पोलिसांची फाईल त्यांना दरोडेखोर म्हणते. आठवणी त्यांना देवमाणसं म्हणतात. दोन्हींच्या मध्ये कुठंतरी सत्य असेल असं म्हणून सरासरी काढू नका, सरासरी हा पुरावा नसतो. मार खाल्लेल्याच्या नातवापर्यंत जा. तो बहुतेक वेळा दप्तरात भेटत नाही. कधी कधी पायरीवर सावलीला भेटतो, आणि आपण फक्त गप्प बसायचं असतं.